पद्माक्कांची न चुकलेली मोजणी

पद्माक्कांची मोजणी आयुष्यात एकदाच चुकली, असं आमच्या रविवारच्या टेबलावर अजून सांगतात. प्रेमानेच सांगतात. गेल्या महिन्यात त्या धारवाडला लेकीकडे वारल्या. त्यांच्या भाडेकरू स्नेहाने लेकीला पाठवायला एक पत्र लिहिलं आणि आधी आम्हाला वाचून दाखवलं. त्यातही ते वाक्य होतंच: फाशाच्या चारशे दानांत मिस, म्हणजे पद्माक्का, एकदा चुकल्या, आणि चूक कबूल कशी करावी ते आम्ही त्यांच्याकडून शिकलो. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी आलो, पानावर बसलो आणि तसाच उठलो.

त्या चुकल्या नव्हत्या. चुकलो होतो मी, आणि ते त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी स्नेहाला फोन करून पत्र थांबवायला सांगितलं. येत्या रविवारी हे लिहिलेलं मी टेबलावर वाचणार आहे. समोर चेतन बसलेला असेल. आधी त्याने ऐकावं, मग ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

चामराजपुरमात पद्माक्कांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. दोन्ही घरं कैक पिढ्यांची म्हैसूरची. घरात मराठी बोलतो, पण रागावलो की कन्नड येतं. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. मुलींच्या कॉलेजात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. मी नजरबादच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. अक्का उंच, काटकुळ्या बाई. हातात यजमानांचं मोठं घड्याळ आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेलं पेन्सिलीचं टोकयंत्र. बोलता बोलता पेन्सिलीला टोक काढायच्या. कुणाचं पटलं नाही तर जास्त वेळ काढायच्या.

यजमान गेल्यावर त्यांनी वरचा मजला भाड्याने दिला. स्नेहा नाशिकची, इथे सॉफ्टवेअर कंपनीत. भाडेकरू म्हणून गुणी, फक्त रविवारी दुपारी वरून आरडाओरडा यायचा. एकदा "मार, मार त्याला!" असं ऐकू आलं, तशा अक्का भिंतीपलीकडून मला म्हणाल्या, "वासू, चल रे. एकटी गेले तर भांडण वाटेल. दोघं गेलो तर चौकशी."

वर गेलो. स्नेहा आणि दोन मुलगे जमिनीवर बसले होते, मध्ये कागद आणि रंगीत खडे पसरलेले.

"काय गं, कोण मेलं?"

"सॉरी मिस. राक्षस मेला."

"मेला ना? मग आता ओरडता कशाला?"

त्या खाली वाकल्या आणि एक खडा उचलला. तो खडा नव्हता, फासा होता. वीस बाजूंचा. त्यांनी तो खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला. "समोरासमोरच्या बाजूंची बेरीज एकवीस. सरी, बरोबर आहे," म्हणाल्या आणि चक्क फतकल मारून बसल्या.

स्नेहाने खेळ समजावला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कुणी भिंत चढायची म्हणाला, तर चढला की पडला हे फासा ठरवतो. वीस पडले तर काम फत्ते, एक पडला तर फजिती, मधल्या आकड्यांत कामाच्या अवघडपणावर.

अक्कांनी फासा तळहातावर घोळवला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं पोरींना फाशाची गणितं घातली. सगळी फळ्यावर. एकदासुद्धा फासा टाकला नाही रे, वासू."

पुढच्या रविवारी खेळ खाली अक्कांच्या जेवणाच्या टेबलावर आला, तो आजतागायत तिथेच आहे. फासे घरंगळू नयेत म्हणून अक्का टॉवेलाची घडी अंथरायच्या आणि चार वाजता सगळ्यांना चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, द्यायच्या. गोष्ट सांगणारी स्नेहा, खेळणारे चौघं. ठाण्याचा रोहित, सोलापूरचा चेतन, अक्का आणि मी. "तू पण बस. घरी बसून काय करतोस, पेपरच वाचतोस ना?" एवढ्यावर माझी भरती झाली. मी वैद्य झालो, जखमा बांधणारा. अक्कांना सगळे म्हणाले, मिस, तुम्ही जादूगार व्हा, विद्वान. त्या म्हणाल्या, "नको. मी चोर." का, तर योद्ध्याला दिवसातून एकदा फासा टाकावा लागतो, चोराला पावलापावलाला. त्यांना दानं हवी होती. जिंकण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं.

महिन्याभरात त्यांचं बोलणंच विसाच्या हिशेबात गेलं. दूधवाला आज उशिरा येईल? "विसात सहा वेळा." गुडघा दुखतोय का, असं डॉक्टरने विचारलं तर "विसात तीन पावलांना." 'अशक्य' हा शब्द त्यांनी वापरलेला मी ऐकला नाही. स्नेहा फासा मुठीत धरून त्यावर फुंकर घालायची, तेव्हा त्या म्हणायच्या, "घाल, घाल. त्याला काय ठाऊक तू कोण ते?"

एकदा गोष्टीत आम्हाला झोपलेल्या पहारेकऱ्यापुढून जायचं होतं. रोहित म्हणाला, "सोपं आहे. विसात सोळा वेळा जमतं. चला सगळे."

अक्कांनी टोकयंत्र काढलं. "एकाला विसात सोळा. चौघांनाही जमायला हवं ना? ते विसात आठ. निम्म्याहून कमी. मी एकटी जाते, आतून दार उघडते."

"मिस, एवढं काय घाबरता?"

"घाबरत नाही रे, गुणाकार करते."

कुणी ऐकलं नाही. तिघं सुखरूप गेले. चौथा मी होतो. माझ्या वैद्याच्या हातून औषधाची बाटली पडली आणि पहारेकरी उठला. अक्कांनी माझी ताटली नेहमीसारखी भरली. रोहितच्या ताटलीत मात्र त्यांनी त्या दिवशी चित्रान्न कमी वाढलं.

त्यांचा स्वतःचा चोर मेला तो दिवसही आठवतो. सोपी भिंत होती; एक सोडून काहीही चाललं असतं. एकच पडला. दीड वर्ष सांभाळलेला चोर. अक्कांनी टाळी वाजवली. "एकोणीस वेळा वाचले असते. ही ती विसावी वेळ, बघा. दिसली एकदाची." स्नेहा दान परत टाकू द्यायला तयार होती. "साकु, साकु. पुरे. मग फासा कशाला ठेवलाय? मीच ठरवते की सगळं." पुढच्या रविवारी त्या नवा चोर घेऊन बसल्या.

आता चेतनचं सांगतो.

चेतन नंजनगूडच्या एका कारखान्यात कामाला होता आणि तिथेच खोली करून राहायचा. रविवारी सकाळच्या गाडीने यायचा, संध्याकाळच्या गाडीने परतायचा. सोलापूरचा असल्याने त्याला कन्नड कळायचं, म्हणून अक्कांशी त्याचं विशेष जुळायचं. हाताने वस्तू करायचा त्याला नाद. रेझिन साच्यात ओतून त्याने स्वतः एक फासा केला होता, गडद निळा, आत काही दिसू नये इतका. तोच तो टाकायचा. आणि त्याला वीस फार पडायचे. स्नेहा खेळातली सगळी दानं लिहून ठेवायची. तीन महिन्यांचे कागद काढले, तर आठात एकदा वीस.

"फासा लबाड आहे हा," रोहित म्हणाला. "स्वतःच्या हाताने केलाय, मग काय!"

चेतनचा चेहरा उतरला. "मी ओतलाय सरळच. बघा की तपासून."

अक्का म्हणाल्या, "भांडू नका. चारशे दानं टाकू. प्रत्येक बाजू सुमारे वीस वेळा यायला हवी. काय ते कळेल." फासा त्यांनी ठेवून घेतला.

दोनशे दानं त्यांनी स्वतः टाकली, दोन सकाळी, पितळी ताटलीत. नुसत्या रेघा ओढायच्या नाहीत, जो आकडा पडेल तो क्रमाने वहीत लिहायचा, ही त्यांची शिस्त. वीस दहा वेळा यायला हवा होता, सोळा वेळा आला. "संशय येतो," त्या म्हणाल्या. "पण संशय म्हणजे निकाल नव्हे. आणखी दोनशे हवीत." त्यांचं मनगट मात्र सुजलं होतं. वही आणि फासा त्यांनी माझ्याकडे दिला. "वासू, तू टाक. घाई नाही. रोज पन्नास टाक."

पहिल्या दिवशी पन्नास टाकली. प्रामाणिकपणे. त्यात वीस पाच वेळा आला, आणि मला धडकी भरली. मला चेतन आवडायचा. फासा वाकडा ठरला तर तो करणाराही वाकडा ठरेल, असं मी धरून चाललो. शिवाय, खरं सांगायचं तर, कंटाळाही आला होता. कचेरीत आमचा एक रिवाज होता: रकाना रिकामा ठेवायचा नाही. मोजमाप राहिलं असेल तर आजूबाजूचे आकडे बघून शोभेल असा आकडा घालायचा. तपासणीच्या दिवशी वही नीटनेटकी दिसायला हवी. तीस वर्षं मी तेच केलं, आणि कुणी कधी बोट ठेवलं नाही. त्या दुपारी मी खुर्चीत बसून फासा न टाकताच दीडशे आकडे लिहिले. सगळ्या बाजूंना समान न्याय दिला. विसाला जरा हात आखडता घेतला, तीनदाच येऊ दिला. पानं कशी स्वच्छ दिसली. मला वाटलं, मी एका पोराची अब्रू राखली.

रविवारी अक्कांनी बेरीज सांगितली. चारशेत विसाचं दान चोवीस वेळा. "एवढा फरक सरळ फाशातही पडतो. फाशात दोष दिसत नाही."

मी चेतनकडे बघून हसलो. तोही हसला. तेवढ्यात रोहित म्हणाला, "म्हणजे फासा सरळ. तरी याच्याच हातात आठात एकदा वीस. मग राहिलं काय? हात!"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. फासा निर्दोष ठरला की हात दोषी ठरतो. वाकड्या फाशाने चेतन फार तर अडाणी ठरला असता. माझ्या सरळ फाशाने तो लबाड ठरला.

"रोहित, तोंड सांभाळ," अक्का म्हणाल्या. पण वही समोर उघडी होती. फासा टेबलावरच ठेवून चेतनने बूट घातले. अजून चित्रान्नही झालं नव्हतं. फाटक लावल्याचा आवाज आला, तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी टॉवेलाची घडी नीट करत बसलो.

पाच रविवार चेतन आला नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी अक्कांची हाक आली. "वासू, चल. नंजनगूडला जायचंय." मनगटाला पट्टी होती. बसमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं की चारशेच्या चारशे दानं त्यांनी पुन्हा टाकली, आणि वीस एकोणचाळीस वेळा आला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

चेतनच्या खोलीत एकच प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यावर बसून अक्का म्हणाल्या, "फासा वाकडा आहे, चेतन. तू नाहीस. रविवारी ये, सगळ्यांसमोर सांगते."

"राहू द्या मिस. आता मन नाही खेळायचं."

"मन नसू दे, तू ये. या वैद्याच्या भरवशावर मी चोऱ्या करू काय?"

तो हसला, मग मीही हसलो. परत येताना स्टँडवर केळीवाला रसबाळे, रसबाळे म्हणून ओरडत होता; नंजनगूडची ती नावाजलेली केळी आता क्वचितच मिळतात. "खरी रसबाळे असायची शक्यता विसात एक," म्हणत अक्कांनी डझनभर घेतली. ती साधीच निघाली.

रविवारी त्यांनी लोणच्याची मोठी काचेची बरणी टेबलावर ठेवली. पाण्यात मीठ घालत गेल्या, विरघळेनासं होईपर्यंत. मग त्यात निळा फासा सोडला. तो तरंगला, डुलला आणि वीस वर करून थांबला. रोहितने बोटाने उलटा केला. फासा हळूच फिरला, पुन्हा वीस वर. सात-आठ वेळा केलं. दर वेळी वीस.

"आत हवेचा बुडबुडा राहिलाय," अक्का म्हणाल्या. "विसाच्या बाजूला. ती बाजू हलकी, म्हणून वर येते. ओतताना होतं असं. त्यात हाताचा दोष नाही."

"च्यायला," रोहित म्हणाला. मग कान पकडून, "सॉरी मिस."

"मला कशाला? त्याला म्हण."

"सॉरी, चेत्या. मी गाढव आहे."

"ते तर फासा न टाकता पण कळतंय की," चेतन म्हणाला, आणि टेबल पहिल्यासारखं झालं.

तेव्हा स्नेहाने विचारलं, "पण मिस, मग आधीच्या चारशेत का नाही दिसलं?"

अक्कांनी पेन्सिलीला टोक काढलं. बराच वेळ. "मोजणी माझ्या नावावर होती. चुकली. चेतन, तुला पाच रविवार सोसावं लागलं, त्याची माफी मागते."

ऐंशीला टेकलेली बाई, पंचविशीतल्या पोराची माफी मागत होती. चेतन उठून त्यांच्या पाया पडला. मी बरणी उचलून स्वयंपाकघरात गेलो.

मागोमाग त्या आल्या. नळ सोडला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वासू, एकच आकडा लागोपाठ दोनदा लिहायला तुला लाज वाटली काय रे?"

मी बरणीतलं पाणी मोरीत ओतलं.

"दीडशे दानांत सातआठ वेळा तरी तोच आकडा पाठोपाठ यायला हवा. पाचावर पाच, बारावर बारा. तुझ्या पानांत एकदाही नाही. खरा फासा इतका नीटनेटका नसतो."

"अक्का, मी... त्याचं भलं व्हावं म्हणून. आत्ता जाऊन सांगतो."

"सांग. पण आज नको. आज त्याचा दिवस आहे." त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली. "आणि खेळ सोडून जाऊ नकोस. चौथा मिळत नाही."

याहून अधिक त्या कधी बोलल्या नाहीत. पुढची दोन वर्षं दर रविवारी मी त्यांच्याच हातचं चित्रान्न खाल्लं. त्यांनी एखादा हिशेब मांडला की रोहित डोळा मारायचा, "मिस, एकदा तपासू का?" त्या कागद त्याच्यापुढे सरकवायच्या. "तपास की. तपासावंच." सगळे हसायचे, त्या सुद्धा. त्यांना खरंच काही वाटत नसावं, त्या सुखाने खेळत होत्या. वाटायचं ते मला. चाळीस वर्षं जिने मुलींना नीट मोजायला शिकवलं, तिच्या नावावर ही एक चूक मी लिहिली होती, आणि दर रविवारी ती पुन्हा वाचली जात होती. उद्या सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं करत मी बसलो.

गुडघ्यांनी पार दगा दिला तेव्हा लेकीने त्यांना धारवाडला न्यायचं ठरवलं. घराच्या किल्ल्या आणि रविवारचं टेबल त्यांनी स्नेहाकडे सोपवलं. निघायच्या सकाळी दारात गाडी उभी होती. सामान चेतन चढवत होता. बाकीचे आत बांधाबांध करत होते. अक्का मागच्या सीटवर बसल्या होत्या, काच खाली. फुटपाथवर चेतन आणि मी, दोघंच. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, चेतनकडे पाहिलं, आणि एकदम पलीकडच्या खिडकीकडे वळून शहाळेवाल्याला हाक मारली. "एष्टप्पा एळनीर?"

शहाळ्याचं पाणी त्यांना कधी आवडलं नाही. पण त्या आमच्याकडे पाठ करून भावावरून वाद घालू लागल्या. मोठमोठ्याने. हे जास्ती, ते जून, पाणी कमी, मलई नको, ते दुसरं दाखव. तीन मिनिटं तरी गेली असतील. असं भांडताना मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"चेतन," मी म्हणालो.

"काय, अंकल?"

"त्या बॅगेची चेन उघडी आहे बघ."

त्याने चेन लावली. आतून लेक आली, गाडी सुरू झाली. अक्का आमच्याकडे वळल्या. माझा चेहरा पाहिला आणि काय झालं नाही ते त्यांना कळलं. मला वाटलं होतं, त्या नजर फिरवतील. त्या हसल्या. मांडीवरचं ते भलं मोठं शहाळं दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मला दाखवलं, आता याचं काय करू, अशा चेहऱ्याने. गाडी वळेपर्यंत ते तसंच वर धरलेलं होतं.